किनाऱ्यावरची माणसे

आम्हां नवी मुंबईकरांना न्हावा-शेव्याकडून घारापुरीचे बेट नेहमी दिसते. पण तेथून पोहत गेटवे ऑफ इंडिया गाठावे, असे कुणाच्या मनात येते? जिया राय या मुंबईच्या मुलीने १५ फेब्रुवारी २०२० रोजी ते १४ किलोमीटरांचे अंतर कापले. तेव्हा ती अवघी अकरा वर्षांची होती.

जिया स्वमग्न आहे. अशा मुलांना मनातले बोलून दाखवणे जड जाते. वडील नौदलात, उपचाराचा भाग म्हणून आईवडिलांनी तिला पाण्यात उतरवले आणि पाणी तिला मानवले. २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर झाले, २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी झाली, आणि जुलै २०२४ मध्ये सोळाव्या वर्षी इंग्लिश खाडी! १७ तास २५ मिनिटे.

खाडीचा नियम मोठा कठोर. पोहणाऱ्याला कुणी स्पर्श करावयाचा नाही. खाणेपिणेही नावेतून लांबूनच द्यावयाचे. ‘दमले’ म्हणणेही जिला अवघड, तिच्यासाठी ही परवानगी देताना आईबापांच्या काळजाचे काय झाले असेल!

आपण मात्र असे मूल पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतो. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती त्याच्या अपंगत्वाहून मोठी असते. यंदा फराळाला त्यालाही बाहेर बसवू या. आणि दिवाळी सरली की जवळच्या तलावावर त्याचे नाव घालू या.