परदेशस्थ लघुविक्रेता आणि क्रेडिट कार्डाद्वारे ऑनलाइन देयस्वीकृती : एक विवेचन

प्रस्तावना :
इंटरनेटमुळे लघुविक्रेत्यास जगाची बाजारपेठ खुली झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु विक्रेता एका देशाचा नागरिक, दुसऱ्या देशाचा रहिवासी आणि त्याचे ग्राहक तिसऱ्या देशात असतील, तर माल विकण्यापेक्षा त्याचे मूल्य स्वीकारणे अधिक कठीण ठरते. या अडचणीची कारणे व उपलब्ध पर्याय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्ड व्यवहाराची रचना :
कार्ड व्यवहारात ग्राहक व विक्रेता यांच्याखेरीज तीन घटक असतात : ग्राहकास कार्ड देणारी बँक, विक्रेत्याच्या वतीने रक्कम स्वीकारणारी बँक आणि या दोहोंना जोडणारे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखे जाळे. विक्रेत्याच्या बँकेतील या सोयीस ‘मर्चंट अकाउंट’ म्हणतात. पेमेंट गेटवे ही केवळ कार्डाची माहिती सुरक्षितपणे पोहोचविणारी तांत्रिक यंत्रणा होय.

अडचणीचे मूळ :
मर्चंट अकाउंट हे साधे बचत खाते नव्हे. ते एक प्रकारचे कर्जच असते. ग्राहकाने व्यवहार नाकारल्यास रक्कम परत घेतली जाते. यालाच ‘चार्जबॅक’ म्हणतात. अशी हरकत अनेक प्रकरणी सुमारे १२० दिवसांपर्यंत घेता येते. तोवर विक्रेता परागंदा झाला, तर तोटा त्याच्या बँकेस सोसावा लागतो. म्हणून बँक स्थानिक पत्ता, व्यवसायनोंदणी व आर्थिक पूर्वेतिहास मागते. शिवाय जाळ्यांच्या नियमांनुसार बँकेने सामान्यतः आपल्या परवानाक्षेत्रातीलच विक्रेते स्वीकारावयाचे असतात. परदेशस्थ विक्रेता नेमका येथेच अडतो.

उपलब्ध पर्याय :
१) निवासाच्या देशात व्यवसाय नोंदवून तेथेच खाते उघडणे. हा मार्ग सर्वांत सरळ. मात्र निवासपरवान्यात स्वतंत्र व्यवसायाची मुभा आहे का, हे आधी तपासावे लागते.
२) मध्यस्थ संस्थेमार्फत रक्कम स्वीकारणे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीतून विकसित झालेल्या पेपालने स्वतंत्र मर्चंट अकाउंटची गरज दूर केली. मात्र संशय आल्यास अशी संस्था शिल्लक रोखून धरू शकते.
३) ‘अभिलेखित विक्रेता’ पद्धती. येथे मध्यस्थ कंपनी कायद्याच्या दृष्टीने स्वतःच विक्रेता ठरते व अनेक ठिकाणी विक्रीकरही भरते. संगणकप्रणालीसारख्या अंकीय वस्तूंसाठी हा मार्ग सोयीचा, पण महाग.
४) अन्य देशात कंपनी स्थापणे. २०१६ मध्ये स्ट्राइप कंपनीने सुरू केलेल्या ‘ॲटलस’ सेवेमुळे परदेशी व्यक्तीस अमेरिकेत कंपनी नोंदविणे सुलभ झाले. तथापि करविषयक विवरणपत्रांचे दायित्व त्यासोबतच येते.

खर्चाचे गणित :
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ४० डॉलरच्या विक्रीवर ५ टक्के शुल्क म्हणजे २ डॉलर. उर्वरित ३८ डॉलरवर चलनरूपांतराचे ३ टक्के म्हणजे १.१४ डॉलर. हाती ३६.८६ डॉलर येतात. माल व टपाल यांचा खर्च ३० डॉलर असेल, तर नफा ६.८६ डॉलर उरतो. एका चार्जबॅकमध्ये ३० डॉलरचा खर्च बुडून १५ डॉलर दंड बसल्यास ४५ डॉलरची हानी होते. ती भरून काढण्यास सात यशस्वी विक्री लागतात. म्हणून पोचपावतीसह टपाल, स्पष्ट परतावा धोरण आणि कार्डधारकाची बँकेमार्फत पडताळणी आवश्यक ठरते. अशा पडताळणीनंतर फसवणुकीची जबाबदारी सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते.

भारतीय संदर्भ :
परदेशी ग्राहकांस माल विकणाऱ्या भारतातील विक्रेत्यासमोरही हेच प्रश्न उभे राहतात. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये ऑनलाइन मध्यस्थांमार्फत येणाऱ्या निर्यातमूल्यास प्रतिव्यवहार ५०० डॉलरची मर्यादा घातली. पुढे २०१३ मध्ये ती १०,००० डॉलर झाली. ऑक्टोबर २०२३ च्या नियमांनी सीमापार देयक-संकलकांना थेट नियमनाखाली आणून प्रति नग २५ लाख रुपयांची मर्यादा ठरविली.

निष्कर्ष :
तंत्रज्ञानाने अंतर मिटविले, तरी विश्वासाची व्यवस्था अद्याप देशांच्या सीमांतच बांधलेली आहे. विक्रेत्याने केवळ शुल्काचा दर न पाहता रक्कम किती काळ अडकेल, वादात जबाबदारी कोणाची आणि कर कोठे भरावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात ई-व्यापार शिकविताना या बाजूचाही समावेश होणे इष्ट ठरेल.