दाह, विकर आणि कातडीचा कर्करोग

'इन्फ्लमेशन'साठी आपल्याकडे दोन शब्द चालतात, 'दाह' आणि 'शोथ'. एक जळजळ सांगतो, दुसरा सूज. रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे नोंदली. ती सगळी आमच्या कोणत्याही एका शब्दात मावत नाहीत. विद्यार्थ्यांनी केलेले एका आरोग्यपुस्तिकेचे भाषांतर तपासताना मला निराळीच अडचण जाणवली : दाह म्हटला की तो शमणारच, असे मराठी मन गृहीत धरते. कर्करोगाकडे नेणारा दाह वर्षानुवर्षे शमत नाही.

याचे उदाहरण आपल्या कमरेलाच आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये 'धोतर-कर्करोगा'ची नोंद केली. घट्ट नेसलेले धोतर एकाच जागी काचत राहते, कातडी जाड होते, चरते आणि क्वचित तिथेच गाठ उठते. काश्मिरात पोटाशी धरलेली कांगडी मांड्यांवर आणि ओटीपोटावर हेच करते.

उन्हाचे काम अधिक सूक्ष्म. अतिनील किरण पेशीतील डीएनए बिघडवतात, शिवाय 'सायक्लोऑक्सिजनेज-२' हे विकर जागे करतात. (शालेय पुस्तकांतला 'विकर' हा शब्द मला 'वितंचका'पेक्षा सुटसुटीत वाटतो.) हे विकर एका मेदाम्लापासून प्रोस्टाग्लँडिने बनवण्याची वाट मोकळी करते. त्यांपैकी 'ई-२' रक्तवाहिन्या रुंदावते, म्हणून लाली येते. पण तेच पेशींना वाढायला लावते आणि मरायला हव्या त्या पेशींना जगवते. बिघडलेली पेशीही मग तगून राहते.

अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते. मग गोळी घेऊन कर्करोग टळेल का? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, उन्हाने चट्टे पडलेल्या २४० जणांपैकी काहींना नऊ महिने सेलेकॉक्सिब दिले. चट्टे कमी झाले नाहीत, मात्र मेलॅनोमाखेरीजचे त्वचेचे कर्करोग कमी आढळले. तरीही या जातीच्या औषधांनी हृदयविकाराचा धोका वाढतो. रोफेकॉक्सिब २००४ मध्ये त्यामुळेच बाजारातून मागे घेतले गेले.

म्हणून पुस्तिकेतले 'दाहशामक गोळ्यांनी प्रतिबंध होतो' हे वाक्य मी काढायला लावले. टोपी, पूर्ण बाह्या आणि न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवणे, एवढे राहिले. 'क्रॉनिक'साठी विद्यार्थ्यांनी 'जुनाट' लिहिले होते. एका मुलीने 'चिवट' सुचवला, तोच ठेवला.