आधी चूल, मग मोंढा

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावच्या शिवारात खरीप म्हटलं की सोयाबीन. दिवाळीच्या तोंडावर ते कट्ट्यांत भरून मोंढ्यात जातं, भाव व्यापारी सांगतो आणि आलेल्या पैशातून तेलाची पिशवी, डाळ, भाजी विकत येते. पिकवणाऱ्याच्याच घरात विकतचं अन्न, हे मला कोरडवाहू शेतीचं सगळ्यात मोठं दुखणं वाटतं.

त्यावरचा उतारा मराठवाड्यातच सापडला आहे. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था लातूर-धाराशिवकडच्या बायकांसोबत उभी राहिली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत तिथं ‘एक एकर’ शेती रुजली. बाई घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेते आणि त्यात काय पेरायचं ते स्वतः ठरवते. तूर, मूग, उडीद, ज्वारी. मधल्या तासांत भेंडी, गवार. वाफ्यात मेथी, शेपू. खत शेणाचं, गांडुळांचं. पहिला माल चुलीसाठी, उरेल तो बाजारात. पावसानं ताण दिला तर मूग जातो, पण तूर तग धरते. सगळं एकदम बुडत नाही. २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

यात पेरणीपेक्षा अवघड आहे तो एकर मागणं. सातबारावर नाव बहुधा नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं. “यंदा एवढं रान माझ्याकडं राहू द्या,” हे म्हणायला पाठीशी बचत गट लागतो.

एकमेकांच्या आधारानं शेती करणं आपल्याकडं जुनंच आहे. इर्जिकीला शेजारपाजारचे बैलजोड्या घेऊन एकाच्या रानात उतरायचे, दिवसभर औतं चालायची आणि त्याच्याच घरी सगळ्यांची पंगत बसायची. रोजंदारीचा विषयच निघत नसे.

विक्रीसाठी कायद्याचाही आधार आहे. २००२च्या दुरुस्तीनं शेतकरी उत्पादक कंपनीची सोय झाली. दहा शेतकरी मिळून ती काढू शकतात आणि शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. मात्र तीच कंपनी तेच सोयाबीन त्याच मोंढ्यात नेणार असेल, तर फक्त गाडीवरची पाटी बदलते. पुसेगावच्याच जिल्ह्यातल्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती दळून, पाकिटात भरून विकण्यात पैसा आहे. पुसेगावात तर मी डाळमिलपासून सुरुवात करीन. गावची तूर गावातच भरडून गावातच विकली, तर अडत, हमाली, गाडीभाडं वाचतं आणि चुनी गोठ्यातल्या म्हशीला मिळते.