बाजरी बुडते, गाडी तरंगते

मृगाच्या तोंडावर चाळीसगाव तालुक्यात ज्याला बाजरी पेरायची असेल, त्याने एक टब, दहा लिटर पाणी आणि दोन किलो मीठ एवढी तयारी आधी करावी, असं कृषी खातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. कारण आहे अरगट. या रोगात कणसात दाण्याच्या जागी काळपट, टणक गाठी धरतात. त्या बियाण्यातून शेतात गेल्या की रोग पुढच्या पिकाला लागतो आणि खाण्यात आल्या तर माणसाला आणि जनावराला विषबाधा होते. चाळणीने त्या सगळ्या निघत नाहीत, कारण तुटलेली गाठ दाण्याएवढीच असते.

मग मीठ पाण्यात पूर्ण विरघळवायचं, बियाणं ओतायचं आणि हाताने ढवळून थोडं थांबायचं. गाठी, पोचट दाणे आणि काडीकचरा वर येतो, भरलेला दाणा तळाशी बसतो. वरचं काढून जाळून टाकायचं आणि खालचं बियाणं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. सूप वाऱ्यावर जे करतं, तेच इथे मिठाचं पाणी करतं, आणि जास्त काटेकोरपणे.

पण मीठच कशाला? साध्या पाण्याने का भागत नाही? तरंगण्या-बुडण्याचं सगळं शास्त्र या प्रश्नात आहे. एक लिटर साध्या पाण्याचं वजन एक किलो. दहा लिटरला दोन किलो मीठ घातलं की त्याच एका लिटरचं वजन एक किलो शंभर ग्रॅमच्याही वर जातं. साध्या पाण्यापेक्षा जराशी जड, पण भरल्या दाण्यापेक्षा हलकी अशी कोणतीही वस्तू साध्या पाण्यात दाण्याबरोबर तळाला जाईल आणि मिठाच्या पाण्यात वर येईल. वस्तू तीच राहिली, तिच्याशी तुलना करायचं पाणी आपण जड केलं.

शाळेत याला घनता म्हणतात: ठरावीक जागेत किती वजन बसलं आहे, ते. लोखंडाचा खिळा बुडतो आणि लोखंडाचंच घमेलं हौदावर तरंगतं, ते यामुळेच. एक लिटर जागेत लोखंड ठासून भरलं तर ते पावणेआठ किलोच्या पुढे जातं. घमेल्यात मात्र लोखंड थोडं आणि पोकळी पुष्कळ. दोन किलोचं घमेलं दोन लिटर पाणी बाजूला सारेपर्यंत खाली जातं आणि तिथेच थांबतं. त्यात वाळू टाकत गेलात तर प्रत्येक किलोमागे ते आणखी एक लिटर पाणी सारतं. पाणी काठावरून आत शिरलं की पोकळी संपते आणि घमेलं खिळ्याच्या वाटेने जातं. मुंबईच्या बंदरातलं हजारो टनांचं जहाज याच हिशेबावर उभं असतं.

हे वर ढकलणारं बळ येतं कुठून? टाकीतल्या शांत पाण्याचा, आतल्या आत, एक घनफूट तुकडा मनात वेगळा करा. त्याला वजन आहे, तरी तो खाली जात नाही. म्हणजे भोवतीचं पाणी त्याला बरोबर त्याच्या वजनाइतकं उचलून धरत असलं पाहिजे. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो, त्यामुळे खालून येणारा रेटा वरून येणाऱ्या रेट्यापेक्षा जास्त असतो. आता तो तुकडा काढून तिथे तेवढाच दगड ठेवला, तर भोवतीच्या पाण्याला काय कळणार? ते पूर्वीइतक्याच जोराने उचलत राहतं. सिरॅक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच मांडलं: वस्तू जेवढं पाणी सारते, त्या पाण्याच्या वजनाइतकं बळ तिला वर उचलतं. पाठ्यपुस्तकात ते प्लावक बल म्हणून येतं. त्याला दगड आणि लाकूड यांतला फरक कळत नाही, फक्त किती जागा अडवली तेवढं कळतं.

ज्यांनी विहिरीतून हाताने पाणी ओढलं आहे, त्यांच्या खांद्यांना हे पुस्तकाआधीच माहीत असतं. बादली पाण्यात बुडालेली असते तोवर दोर हलका लागतो. भरलेली असली तरी आतलं पाणी भोवतीच्या पाण्याला काहीच जड नसतं, हाताला लागतं ते नुसत्या पत्र्याचं वजन, आणि तेही थोडं कमी होऊन. बादलीचा काठ पाण्याबाहेर आला की दर इंचाला भार वाढतो. बूड सुटलं की पंधरा लिटरचे पंधरा किलो एकदम हातात येतात आणि दोर तळव्याला करकचतो.

काळ्या दगडाचंही असंच होतं. अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगरातला बेसॉल्ट पाण्याच्या सुमारे 2.9 पट जड असतो. म्हणजे जमिनीवर 29 किलो भरणारा धोंडा पाण्यात 19 किलोच भरतो. एक तृतीयांश भार पाण्याने आपल्या अंगावर घेतलेला असतो. पूर ओसरल्यावर नदीच्या पात्रात आणि फरशी पुलांवर एवढाले धोंडे आले कुठून, असं लोक विचारतात. पाण्याचा वेग हे त्याचं मोठं कारण आहेच, पण ते धोंडे पाण्यात तेवढे जड राहिलेले नसतात, हेही आहे.

हा सगळा मुळात घनफळाचा हिशेब आहे, आणि घनफळाच्या हिशेबाला आपल्या तालुक्यात जुनं घर आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याची नोंद असलेला 1207 सालचा शिलालेख पाटणादेवीच्या परिसरात सापडला. ‘लीलावती’त खातव्यवहार हे खोदकामाचं, म्हणजे खड्डे आणि तलाव यांच्या घनफळाचं प्रकरण आहे. वरची रुंदी आणि तळाची रुंदी वेगळी असेल तर किती माती निघेल, असली ती गणितं. तरंगण्याचा नियम त्यात नाही. पण घमेलं किती पाणी सारेल, हे काढायला लागतं ते हेच गणित, आणि आठशे वर्षांपूर्वी ते इथे मुलांकडून घोकून घेतलं जात होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

स्वयंपाकघरात तपासायचं असेल तर भरताचं वांगं घ्या. त्याचा गर स्पंजासारखा हवेने भरलेला, म्हणून ते पातेल्यात वर राहतं. बटाटा तळाला जातो.

माणसाचं शरीर मात्र या दोहोंच्या सीमेवर आहे. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेक माणसं जेमतेम तरंगतात, श्वास सोडला की हळूहळू खाली जातात. खानदेशात विहिरीत पोहायला शिकवताना पोरांच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा तेलाचा रिकामा डबा बांधायची रीत होती. पंधरा किलो तेल मावणारा डबा पूर्ण बुडाला तर सोळा लिटरच्या आसपास पाणी सारतो. डब्याचं स्वतःचं वजन वजा जाता पंधरा किलोंचा आधार मिळतो. पाण्याबाहेर ठेवायचं असतं ते फक्त डोकं, चार-पाच किलोंचं. म्हणजे आधार गरजेच्या तिप्पट. झाकण मात्र घट्ट हवं, कारण आत शिरलेलं प्रत्येक लिटर पाणी एक किलो आधार खातं.

यातूनच जीव वाचवणारी एक गोष्ट निघते. बुडणारा माणूस घाबरून दोन्ही हात वर करतो. पाण्याबाहेर गेलेले हात पाणी सारत नाहीत, त्यांचा सगळा भार शरीरावर येतो आणि तोंड पाण्याखाली जातं. हात पाण्यात ठेवून, मान मागे टाकून, छातीत हवा धरली तर तोच माणूस मदत येईपर्यंत वर राहू शकतो. हे प्रत्येक मुलाला शाळेत सांगितलं गेलं पाहिजे, नुसत्या व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा कितीतरी आधी.

आणि मोठ्यांना सांगायला हवं ते गाडीचं. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना आलेल्या पुराने चाळीसगाव शहर आणि आसपासची गावं पाण्यात गेली, शेकडो जनावरं वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तेव्हापासून इथे पाणी चढलं की पोटात गोळा येतो. तरीही दर पावसाळ्यात कुणीतरी फरशी पुलावरच्या पाण्यात गाडी घालतंच, गाडी जड आहे या भरवशावर.

तो भरवसा मोजून बघा. छोटी गाडी, आत चार माणसं, मिळून 1,200 किलो धरू. तळ साधारण साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे सव्वापाच चौरस मीटर. पाणी तळाला टेकलं की त्यानंतरच्या दर सेंटिमीटरला गाडी सुमारे 52 लिटर पाणी सारते आणि 52 किलोंनी हलकी होते. काच बंद, दार बंद, पाणी आत शिरायला वेळ लागतो. सुमारे 23 सेंटिमीटरला 1,200 किलो संपले. तळाखाली सतरा-अठरा सेंटिमीटर मोकळी जागा असते, ती मिळवली तर चाळीस सेंटिमीटरच्या पुढेमागे. गुडघ्याच्या जरा खाली. तेवढ्या पाण्यात गाडी तरंगायला लागते. गाडी पेटीसारखी चौकोनी नसते म्हणून चार बोटं इकडेतिकडे होतील.

आणि प्रत्यक्षात तितकंही लागत नाही. अर्धा भार पाण्याने उचलला की टायरची रस्त्यावरची पकडही निम्मी होते. त्याच वेळी बाजूने वाहतं पाणी ढकलत असतं आणि त्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पकड कमी होत जाते, रेटा वाढत जातो, आणि फरशीला कठडा नसतो.

ट्रॅक्टरवाल्यांना वाटतं, आपलं वेगळं. ट्रॅक्टर जास्त जड आणि उंच असतो, हे खरं. नांगरताना चाक घसरू नये म्हणून कित्येक जण मागच्या टायरमध्ये पाणी भरतात आणि त्या वजनावर विसंबतात. रानात ते वजन खरंच कामाला येतं. पण पुराच्या पाण्यात बुडालेल्या टायरमधलं पाणी विहिरीतल्या बादलीतल्या पाण्यासारखंच: भोवती पाणी असेतोवर त्याचं वजन शून्य. हवा भरलेला टायर ट्रॅक्टरला वर उचलेल, पाण्याने भरलेला तेवढं करणार नाही, एवढाच त्याचा उपयोग. ट्रॉलीचं तर त्याहून वाईट. रिकामी ट्रॉली म्हणजे चाकांवरचं मोठं घमेलं, आणि ती आधी तिरपी होते, मग पुढच्या ट्रॅक्टरला सोबत ओढते. पलीकडे जायचंच असेल तर पाणी उतरेपर्यंत थांबायचं. डोंगरातून येणाऱ्या या नद्यांचा लोंढा जसा झपाट्याने चढतो तसा उतरतोही.