मनाच्या दवाखान्यात पहिल्यांदा जाताना

गुडघा दुखला की आपण चारचौघींत सांगतो. पण झोप उडाली, अन्न गोड लागेना, कारण नसताना रडू येतंय, जगणं नको झालंय, हे कुणाला बोलत नाही. लोक वेडी म्हणतील, ही धास्ती. म्हणून तलवाड्याहून बीडच्या जिल्हा रुग्णालयात या ओपीडीला पहिल्यांदा जायचं, तर आत काय होतं ते ऐकून ठेवा. कोणत्या वारी जायचं ते आशाताईंना विचारून निघा, म्हणजे हेलपाटा पडणार नाही.

तिथं मानसोपचारतज्ज्ञ भेटतात, ते डॉक्टर असतात आणि गोळ्या लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक गोळ्या देत नाहीत, बोलून उपचार करतात. ते एका भेटीत संपत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. पहिल्या दिवशी बहुतेक वेळ प्रश्नांतच जातो. झोप, भूक, पाळी, बाळंतपण, नवऱ्याची दारू, घरातलं कर्ज. या नसत्या चौकशा नव्हेत, आजार त्यातूनच कळतो. मरणाचे विचार येतात का, असं विचारलं तर खरं सांगा. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर न विचारताही सांगा. जुन्या चिठ्ठ्या बरोबर न्या.

सासूबाई किंवा मालक सोबत असतील आणि त्यांच्यासमोर बोलता येत नसेल, तर "मला एकटीला बोलायचंय" म्हणा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र गरजेपुरतं सांगितलं जातं.

आता गोळ्यांचं. तापाच्या गोळीसारखा गुण लगेच येत नाही, उदासीच्या गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतात. आधी थोडी गुंगी, मळमळ जाणवते आणि बऱ्याच जणी तिथंच गोळ्या सोडतात. काही जणी बरं वाटलं म्हणून सोडतात, मग दुखणं उलटतं. त्वरिता देवीला नवस बोला, ओटी भरा, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आपल्याकडं खरी अडचण येते ती दिवाळीच्या सुमारास. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी कारखान्याला निघते आणि गोळ्या घरीच राहतात. निघायच्या आधी डॉक्टरांना सांगा, "आम्ही ऊसतोडीला चाललो." जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते विचारा. औषधाचं नाव लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा. तिकडच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवला की पुढची औषधं लिहून घेता येतात.

कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. तिला एकटी सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, रात्र असली तरी दवाखाना गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. उसाच्या फडातल्या कोपीवरूनही तो लागतो.