चांगला दिसणारा बोल्ट फेकायचा का?

घरच्या गॅरेजमध्ये गाडीची कनेक्टिंग रॉड बेअरिंग्ज बदलायला घेतलीत, की एक प्रश्न हमखास पडतो. झिजलेलं बेअरिंग बदलायचं, हे पटतं. पण रॉडचे जुने बोल्ट तर चकचकीत, आटेही शाबूत. तरी अनेक इंजिनांचं मॅन्युअल सांगतं: नवेच घाला. हा सुटे भाग खपवायचा डाव तर नव्हे?

नव्हे. आधी बेअरिंग पाहू. हे दोन अर्धवर्तुळाकार पत्रे असतात. क्रँकशाफ्ट त्यांच्यावर घासत नाही, तेलाच्या थरावर तरंगतो. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होते. त्याला वरून पाडलेल्या भोकातून तेल वर येऊ लागलं. त्यांनी बूच लावलं, मग लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर ढकलली गेली. फिरणारा आस तेल निमुळत्या फटीत ओढतो आणि तिथे दाब तयार होतो. याचं गणित ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६मध्ये मांडलं. ५० मिमी व्यासाच्या शाफ्टला ही फट साधारण ०.०५ मिमी असते.

ही फट टिकते बोल्टच्या जोरावर. ८६ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात ६००० आरपीएमला अर्ध्या किलोचा पिस्टन वरच्या टोकाला रॉडला टनभराहून जास्त बळाने ओढतो. बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंगच. तिची पकड या ओढीहून जास्त असेल, तर जोड उघडत नाही आणि बोल्टवरचा ताण फारसा बदलत नाही. पकड कमी पडली, तर दर फेऱ्याला बोल्ट झटका खातो, थकतो आणि एक दिवस तुटतो. मग रॉड थेट ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

पण पकड मोजायची कशी? तुम्ही लावलेल्या टॉर्कपैकी जवळपास ९० टक्के घर्षणात जातो. म्हणून अनेक कंपन्या आधी थोडा टॉर्क आणि मग ठरावीक अंशांचा कोन देतात. कोनावरून बोल्ट किती ताणला, हे जास्त नेमकं कळतं. काही बोल्ट तर लवचीकतेच्या मर्यादेपलीकडे ताणले जातात. ते कायमचे लांबतात. दुसऱ्यांदा आवळले, तर तुटण्याआधीची शिल्लक कमी उरते. डोळ्यांना हे दिसत नाही.

म्हणून हे पाळा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, जॅक स्टँड लावाच. प्रत्येक कॅप तिच्याच रॉडला, त्याच दिशेने बसवा. पत्र्याची पाठ कोरडी ठेवा, तेल आतल्या बाजूला लावा. फट प्लॅस्टिगेजने मोजताना शाफ्ट फिरवू नका. आट्यांना तेल लावायचं की नाही, हे मॅन्युअलमध्ये पाहा. त्याने पकड बदलते.

आणि जुने बोल्ट? फट मोजण्यापुरते वापरा. शेवटचं आवळणं मात्र नव्यांनीच.