मोटारीवरील छप्पर आणि घराभोंवतालची मोकळी जागा

घर स्वतःचें, जमीन स्वतःची. मग चार खांब रोवून मोटारीवर पत्रा घालण्यास परवानगी कशाला, असें पुष्कळ गृहस्थांस वाटतें. महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम निराळें सांगतो. शहरांत असें बांधकाम करण्यापूर्वीं सामान्यतः नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते.

घराभोंवतीं किती जागा मोकळी सोडावयाची, हें भूखंडाचा आकार व रस्त्याची रुंदी पाहून ठरतें. ही जागा रिकामी दिसली तरी निरुपयोगी नसते. तिच्यांतूनच दोन्ही घरांस वारा व उजेड मिळतो. आग लागल्यास मदत तेथूनच पोंचते. कुंपणाला टेकविलेलें छप्पर मोटारीस सावली देतें खरें, पण शेजाऱ्याची खिडकी अंधारते आणि पागोळ्या त्याच्या अंगणांत पडतात.

सहकारी गृहसंस्थेंत तर जागा एकट्याची नसतेच. खांबांवर उभ्या इमारतीखालील मोटारींची जागा बिल्डरास निराळी विकतां येत नाहीं, असा निर्णय मुंबईंतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दिला. ती जागा सामायिक ठरली.

म्हणून आधीं नकाशा दाखवावा, मग खांब रोवावे. नोटीस आल्यावर पत्रा एका दिवसांत उतरवितां येतो. शेजाऱ्याशीं आलेलें वितुष्ट मात्र तितक्या लवकर मिटत नाहीं.